तारागोनातली डागडुजी

भूमध्य समुद्रात वारा सुटला म्हणून आमच्या जहाजाने एक बंदर गाळलं आणि त्याऐवजी उद्या सकाळी तारागोनाला थांबू असं जाहीर केलं. जेवणघरात आमच्या टेबलावरच्या बाकीच्यांनी लगेच फोन काढून तिथे काय बघण्यासारखं आहे ते शोधायला सुरुवात केली. मी मात्र फोन उलटा टेबलावर ठेवला. स्पेनमधल्या त्या गावात माझी मुलगी राहते.

आम्ही बारा जण अमेरिकेतल्या फ्रीमाँटचे. एकाच मराठी मंडळातले, बहुतेक निवृत्त, कुणाचे गुडघे बदललेले, कुणाचे बदलायचे राहिलेले. तीस वर्षं एकमेकांच्या घरी श्रीखंड खाल्लेली माणसं. दहा दिवसांची ही सहल संपली की बार्सिलोनात मी आणि माझा नवरा दोन दिवस जास्त राहणार होतो आणि मुलगी आम्हाला तिथे येऊन भेटणार होती. फक्त आम्हा दोघांना. ते मी अगदी जाणूनबुजून तसं ठरवलं होतं.

कारण माझ्या मुलीबद्दल मी मंडळात खोटं सांगितलेलं होतं. थोडंथोडकं नाही, सहा वर्षांचं.

तिने मेडिकलला प्रवेश मिळवला तेव्हा मी सगळ्यांना पेढे वाटले होते. दुसऱ्या वर्षी तिने ते सोडलं आणि जुन्या इमारतींची डागडुजी करायचं शिक्षण घ्यायला निघून गेली. त्या दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नेहमीचा प्रश्न आला. आमच्याकडे तो हातात प्लेट येण्याआधी येतो: मुलं काय करतात? माझ्या तोंडून निघून गेलं की मेडिकल चालू आहे. मग ते पुढे चालू ठेवावं लागलं. पुढे हॉस्पिटलातली रेसिडेन्सी लागली ती ओहायोत, कारण ओहायोत आमच्यापैकी कुणाचंच कुणी नव्हतं. तिथून मी तिला युरोपात रिसर्चला पाठवली. मी जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतला. स्वतःचं खोटं मात्र कधी तपासून पाहिलं नाही. नवरा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, खोट्याच्या कपाळी गोटा. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि त्याचं ते न बोलणं मला जास्त टोचत राहिलं.

लोक हसतील याची भीती होती, नाही असं नाही. पण लोक दोन दिवस हसतात आणि मग दुसऱ्या कुणाच्या घरातलं काही हाती लागतं. माझा जीव अडकला होता तो मुलीत. आपल्या कामाची आईला लाज वाटते, इतकी की तिने सहा वर्षं ते लपवून ठेवलं, हे तिला कळलं तर? आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होतीच.

तरीही निभावलं असतं. आम्ही दोघं गुपचूप उतरून तिला कुठेतरी कॉफीला भेटलो असतो. मी तिला बंदर बदलल्याचं कळवलं, तर तिचा लगेच निरोप आला: उद्या सुट्टी घेतलीय, नऊ वाजता बंदराच्या गेटपाशी थांबते, सगळ्यांना आण, मी गाव दाखवते. हा निरोप मी नवऱ्याला पाठवायला गेले. पण माझ्या बोटाला रोज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर सुविचार टाकायची सवय. निरोप गेला तो तिथेच. मी तो पुसायला धावेपर्यंत आठ जणांनी अंगठे आणि दोघांनी जोडलेले हात पाठवले होते.

रात्रभर मी तिला लिहायचा प्रयत्न केला. 'तू काय करतेस ते कुणाला सांगू नकोस' हे वाक्य तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. पोटच्या मुलीला असं वाक्य कसं पाठवायचं ते मला कळेना.

सकाळी ती गेटपाशी उभी होती. धुळीचे बूट, केस रबरात बांधलेले, उन्हाने रापलेली. मला मिठी मारली तेव्हा तिचे हात पाठीवर खरखरीत लागले. तिला बाजूला घ्यावं म्हणेपर्यंत सगळ्यांनी तिला घेरलं. पुण्याचे भाऊजी, म्हणजे आमच्यातले सर्वज्ञ, एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांनी तिला डॉक्टरीणबाई म्हणून हाक मारली. ती हसली. चेष्टाच समजली असावी, असं मी मनाला समजावलं.

गाव टेकडीवर चढत जातं. खाली बंदर, वर जुनी वस्ती. रुंद रस्त्याच्या मधोमध झाडं आणि त्यांच्यामध्ये माणसांच्या मनोऱ्याचा एक ब्राँझचा पुतळा आहे. खाली घट्ट गोल, खांद्यावर माणसं, त्यांच्या खांद्यावर माणसं, आणि टोकाला एक इवलंसं पोर. आमच्यातल्या दोघी एकदम म्हणाल्या की ही तर दहीहंडी. मुलीने सांगितलं की इथे सणाला खरंच असे मनोरे रचतात, बायकाही चढतात. वर हंडी नसते. टोकाला पोचलेलं मूल नुसता हात वर करतं आणि खाली उतरतं. मग मिळतं काय, असं भाऊजींनी विचारलं. काहीच नाही काका, ती म्हणाली, वर गेलो ते सगळ्यांना दिसतं, बस. भाऊजींचं समाधान झालं नाही. मला मात्र तिथून पाय काढवेना. सगळ्यात खालच्या माणसांची तोंडं कुणालाच दिसत नव्हती.

रस्ता संपतो तिथे लोखंडी कठडा आहे आणि कठड्यापलीकडे एकदम समुद्र. त्या लोखंडाला हात लावला की भाग्य उजळतं असं गावकरी मानतात. बाराही जणांनी हात लावला. मी दोन्ही लावले.

कठड्यावरून डावीकडे खाली पाहिलं आणि मी माझी काळजी क्षणभर विसरले. उतारावर रोमन लोकांचं अँफिथिएटर पसरलेलं होतं. अर्ध्या पायऱ्या डोंगराचा खडकच कापून काढलेल्या, अर्ध्या बांधलेल्या, आणि समोर पडदा म्हणून साक्षात भूमध्य समुद्र. फोटो मी पुष्कळ पाहिले होते. पण फोटोत वारा नसतो आणि पायाखालचा दगड तापलेला नसतो. आम्ही खाली उतरून पायऱ्यांवर बसलो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी याच दगडावर कुणीतरी बसलं असेल, त्याच्याही डोळ्यांवर हे ऊन येत असेल, त्याच्याही शेजारी कुणी कानाशी बडबडत असेल, असं मनात आलं आणि अंगावर काटा आला. आमच्या फ्रीमाँटच्या टाउनहाऊसला पस्तीस वर्षं झाली तर असोसिएशनवाले त्याला जुनं म्हणतात.

मैदानाच्या मध्यभागी आणखी काही भिंती होत्या, क्रॉसच्या आकाराच्या. मुलगी सांगत होती, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, हात नाचवत. आधी इथे माणसं आणि जनावरं लढायची. मग रोमन राज्यकर्त्यांनी इथेच ख्रिस्ती पाद्र्यांना जाळलं. पुढे राज्यच ख्रिस्ती झालं आणि ज्या जागी जाळलं त्या जागी, याच पायऱ्यांचे दगड उचलून, चर्च बांधलं. ते पडलं, त्याच्यावर दुसरं बांधलं. मग मठ झाला. मग तुरुंग, आणि त्यातले कैदी खाली बंदर बांधायला नेले. आमचं जहाज लागलंय ते बंदर. एका जागेवर इतकी माणसं, इतके देव आणि इतकं दुःख बसू शकतं हे मी पहिल्यांदा पाहत होते.

मी तिच्याकडेही पाहत होते. ती कधी एवढी बोलते? आमच्याशी फोनवर ती नुसतं हो-नाही करते. इथे ती एकेका दगडाची ओळख करून देत होती आणि पंचाहत्तरीची माणसं मान वर करून ऐकत होती.

तेवढ्यात डॉक्टरताईंनी विचारलं. मूळच्या नागपूरच्या, फ्रीमाँटमध्ये चाळीस वर्षं बाळंतपणं केलेल्या, आमच्या मंडळातली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. माझी मुलगीही. त्यांनी सहज, प्रेमाने विचारलं की इतकं सगळं वाचायला तुला वेळ कधी मिळतो, आणि या रिसर्चमध्ये तुझ्या रेसिडेन्सीचं काय झालं, ती नक्की कशात आहे?

मुलीने माझ्याकडे पाहिलं. नवरा बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि त्याच्या बुटाला नाडी नव्हती. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

"सध्या थोडा ब्रेक घेतलाय, काकू," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत सुरू करीन."

सलग मराठीत, एकही इंग्रजी वाक्य मध्ये न आणता, शांतपणे. डॉक्टरताई बरं म्हणाल्या आणि उन्हाची टोपी नीट करू लागल्या. मुलगी पुढे चालू लागली. तिने मला वाचवलं होतं, आणि मी वाचवून घेतलं होतं. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

तिथून आम्ही जुन्या गावात शिरलो. आता आठवतं तेव्हा वाटतं, ते गाव मी भरल्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून जास्त दिसलं. एका चौकात छत्र्यांखाली लोक कॉफी पीत बसले होते. मुलीने सांगितलं, हे रथांच्या शर्यतीचं मैदान. खुर्च्यांखाली घोडे धावायचे. भोवतालची घरं त्या मैदानाच्या कमानींवरच उभी आहेत, पाया नव्याने घालायची गरजच पडली नाही. एका कपड्यांच्या दुकानात ती आम्हाला थेट मागच्या भिंतीपर्यंत घेऊन गेली. तिथे रोमन कमान होती, आणि कमानीखाली हँगरवर सेलचे शर्ट. दुकानदारीणबाई सवयीने हसल्या. पुढे एका घराच्या कोपऱ्यात लॅटिन अक्षरं कोरलेला दगड उलटा बसवला होता. कुणाच्या तरी थडग्यावरचा असेल. कुण्या गवंड्याला तो मापात बसला, त्याने बसवला. त्याच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या.

गावाची तटबंदी पाहिली तेव्हा नवऱ्याने टोपी काढली. तो राज्याच्या हायवे खात्यात पूल बांधत असे, त्याला दगडाची भाषा येते. तळाला हत्तीएवढे ओबडधोबड धोंडे, त्यांच्यावर घडीव चिरे, आणि काही चिऱ्यांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणा. आपण किती दगड घडवले ते ओळखू यावं म्हणून असतील, असं मुलगी म्हणाली. त्याने एका खुणेवर अंगठा ठेवला. मी रोज इतकी वर्षं काम केलं, माझी खूण कुठल्या पुलावर आहे गं, असं त्याने मला विचारलं.

शेवटी ती म्हणाली की काका-काकू दमले नसतील तर एक बंद जागा दाखवते, वरिष्ठांची परवानगी काढून ठेवलीय. तिने कडी काढली आणि आम्ही त्या शर्यतीच्या मैदानाच्या पोटात शिरलो. लांबच लांब बोगदा, डोक्यावर कमानदार छत, आत एकदम गारवा. वर आख्खं गाव नांदतंय आणि हे छत दोन हजार वर्षं ते पेलतंय. आमचे आवाज आपोआप खाली आले. देवळात शिरल्यावर येतात तसे. एका काकूंनी नकळत पायातल्या चपला काढल्या.

आतल्या कोपऱ्यात लाकडी परांची आणि एक टेबल होतं. टेबलावर स्कॅल्पेल, कापसाचे बोळे, दातांच्या डॉक्टरकडे असतात तसले आकडे, आणि सिरिंजा. डॉक्टरताईंनी एक सिरिंज उचलली आणि हिचं इथे काय काम म्हणून विचारलं. मुलगी म्हणाली की भिंतीच्या आतल्या भेगेत पातळ चुना भरायचा असतो, हळूहळू, जास्त दाब दिला तर भिंत फुगते. चुना म्हटल्यावर भाऊजी जागे झाले. आपल्या किल्ल्यांवर चुन्यात गूळ घालत, इथे घालतात का? इथे विटांची पूड घालतात, ती म्हणाली. म्हणजे सुरखी, असं नवरा पुटपुटला. त्याच्या गावच्या गढीबाहेर चुन्याचा घाणा अजून पडलेला आहे.

मग भाऊजींनी भिंतीवर बोट ठेवलं. जुन्या सांध्यांमध्ये वीतभर रुंद एक पट्टा वेगळा दिसत होता. रंग किंचित फिका आणि दगडापासून जरासा आत. हा पॅच काही मॅच झाला नाही, ते म्हणाले. कुणी केलाय?

"मी," ती म्हणाली. "मुद्दाम तसा ठेवलाय, काका. जुनं काय आणि आम्ही केलेलं काय, ते दिसलं पाहिजे. लपवलं तर नंतर येणाऱ्यांना खोटं सांगितल्यासारखं होतं."

ती ते मला उद्देशून बोलली नव्हती. तिचं लक्ष भिंतीकडे होतं, तळव्याने ती तो सांधा चाचपत होती, तापलेल्या मुलाचं कपाळ चाचपावं तसा. आणि मला एकाएकी दिसलं की ही काय करते. सम्राट गेले, घोडे गेले, कैदी गेले, आणि हे छत वरच्या गावावर पडू नये म्हणून माझी मुलगी सुईने त्यात चुना भरते. मी या कामाची लाज बाळगली. माझ्या हातून आयुष्यात यातल्या एका दगडाएवढंही टिकाऊ काही झालं नव्हतं.

"मला काहीतरी सांगायचंय," मी म्हणाले. बोगद्यात माझा आवाज फार मोठा आला. "ही डॉक्टर नाही. मेडिकल तिने सहा वर्षांपूर्वी सोडलं. रेसिडेन्सी नव्हती, ओहायो नव्हतं. ते सगळं मी रचलं. तिला यातलं काही माहीत नाही. मघाशी ती खोटं बोलली ते माझ्यासाठी."

मग डॉक्टरताईंनी हातातली सिरिंज जागच्या जागी ठेवली. त्या म्हणाल्या की ओहायोत कुठे, असं मी तुला दोनदा विचारलं होतं, तू दोन वेगळी शहरं सांगितलीस, तेव्हाच मी समजले. आज विचारलं ते तुला सांगायला सोपं जावं म्हणून. मग त्यांनी मुलीला विचारलं की या पट्ट्याला वाळायला किती दिवस लागले. भाऊजींनी तिच्याकडे परांचीवर चढायची परवानगी मागितली आणि नवऱ्याने त्यांना मागे खेचलं. बायकांपैकी एकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. एवढंच. सहा वर्षं मी जे डोंगरासारखं वाहिलं ते त्यांनी पाच मिनिटांत बाजूला ठेवलं आणि छताकडे बघू लागले.

परत बंदराकडे उतरताना बाकीचे पुढे गेले. आम्ही दोघी मागे राहिलो. मी म्हणाले, मला माफ कर, तुला असं कळायला नको होतं.

तिला ते आज कळलं नव्हतं. पहिल्याच वर्षी शाळेतल्या एका मैत्रिणीने तिला मेडिकल कसं चाललंय म्हणून विचारलं होतं. तेव्हापासून तिला माहीत होतं. ती दर वर्षी घरी येते ती फेब्रुवारीत, आठवडाभर. मी सगळ्यांना सांगत असे की तेव्हा तिकिटं स्वस्त असतात. फेब्रुवारीत मंडळाचं काहीच नसतं, ती म्हणाली, कुणी भेटत नाही, कुणी विचारत नाही. आणि मघाचं ते ब्रेकचं वाक्य तिने तेव्हाच शोधून पाठ करून ठेवलं होतं, कधी कुणी गाठलंच तर असावं म्हणून. माझ्यासाठी. सहा वर्षं ते वाक्य तिने जवळ बाळगलं होतं.

मी रस्त्यातच थांबले. मागून येणारी सायकल घंटी वाजवून बाजूने गेली.

"मग मला एकदा तरी विचारायचं होतंस," मी म्हणाले.

"काय विचारणार, आई? तुला माझी लाज वाटते का म्हणून?" ती म्हणाली. "तू नाही म्हणाली असतीस. मग ते पण खोटं झालं असतं."

"वाटत होती," मी म्हणाले. "आज सकाळपर्यंत."

माझी जड पर्स तिने आपल्या खांद्यावर घेतली आणि गेटपर्यंत परत दिली नाही.